रुक्मिणी गाते की गायिका?

वर्ध्यातल्या एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत नाट्यपदं ऐकली. जो तो उभा राहून आधी राग सांगे, मग ताल. नाटक कोणतं, पद कोणाच्या तोंडी, याचा पत्ता नाही. ‘स्वयंवर’मधलं रुक्मिणीचं पद एका मुलीने गायलं. यमन, तीनताल, संपलं. आर्वीकडून वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर, याच रुक्मिणीचं माहेर. म्हणजे इथल्या मुलीला ती जवळजवळ शेजारीण! पण ओळख नाही.

मी नाट्यपदांचे दोन ढीग करतो: पात्र गातं ते आणि गायक गातो ते. शिकवताना प्रसंग आधी वाचावा, पेटी मग उघडावी, हा माझा हट्ट. एका संगीतशिक्षकांनी तो तिथल्या तिथे मोडला. “अहो, १९१६ साली ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी चाली दिल्या त्या बंदिशींवरून. चाल आधीची, रुक्मिणी नंतरची. स्वभाव त्यात येणार कुठून?”

मी मोझार्टकडे धावलो. १७९१च्या त्याच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरात रात्रीची राणी लेकीच्या हाती खंजीर देते, खून कर म्हणते आणि शब्द सोडून तिचा आवाज टिपेच्या स्वरांवर तुटक उड्या घेत सुटतो. ती करामत म्हणजेच तिचा संताप. “ते स्वर लिहून ठेवतात,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “आपल्याकडे जागा गाणाऱ्याने शोधायची.” ‘कट्यार काळजात घुसली’तले वसंतरावांचे खाँसाहेब पुढे करणार होतो, पण ते नाटकच गवयांचं, तिथे दोन ढीग पडतातच कुठे?

मग रुक्मिणी रंगवणारे बालगंधर्व आठवले, आणि मी ज्याला नाटकाचा खून समजत आलो तो वन्समोअरही. एकदा सांगून झालेलं रुक्मिणी पुन्हा का सांगते? पण भाऊ रुक्मी शिशुपालाशी लग्न ठरवतोय, मनातलं बोलायची सोय नाही. अशी मुलगी एकच गोष्ट घोळवणार नाही तर काय करणार? दर आवर्तनात तिला कृष्णाचं काहीतरी नवं सुचणार. ती लांबण गायकाची म्हणावी तर तिचीही आहेच. माझे ढीग एकमेकांत मिसळले.

तेव्हा यमन आधी घोटून घ्यावा, गुरुजींचं बरोबर. आलापीला जागा नसेल त्या गळ्यात रुक्मिणी राहणार कुठे? स्पर्धेत रागाचं नावही खुशाल सांगावं. फक्त पहिली तान घेण्याआधी मुलीने एवढं ठरवावं, की रुक्मी दाराबाहेर उभा आहे की नाही.