बाळूचा डावा हात

सैल होऊन बसा. जवळा बाजार गावात संध्याकाळी पोरं टेनिस बॉलनं खेळतात, तो खेळ डोळ्यांपुढे आणा. त्यात एक पोरगा नुसती बॉलिंगच करत राहतो, बॅटिंगची पाळी त्याच्यापर्यंत येतच नाही. त्याच्याकडे जरा वेळ बघत राहा.

आता मन हळूच पुण्याला न्या, 1890 नंतरच्या पुण्याला. गोऱ्यांच्या क्लबाचं मैदान आहे. पालवणकर बाळू नावाचा चर्मकार समाजातला तरुण रोलर ओढतो, नेट बांधतो, क्रीज आखतो. पगार महिना चार रुपये. साहेब सरावाला आले की बॉल त्याच्या डाव्या हातात. त्यातले कॅप्टन ग्रेग बाद झाले की बाळूला आठ आणे देत, असं सांगतात. बॅट मात्र कुणी त्याच्या हातात दिली नाही.

इथे थांबा, घाई करू नका. एका बाजूनं बॉल टाकायचा, तो गोळा करून आणायचा, पुन्हा टाकायचा. बोटं शिवणीवर, मनगट किंचित वळलेलं. तासन्‌तास हेच. त्या हातातली फिरकी अशी पिकली. मला वाटतं, त्याला गुरू कुणी नव्हता. साहेबांचा सराव हीच त्याची शाळा झाली, आणि फी त्यानं घामानं भरली.

श्वास सोडा. पुढे पुण्याच्या हिंदू क्लबानं त्याला संघात घेतलं. मैदानावर सगळे एकाच बॉलला हात लावत, पण चहाच्या वेळी बाळूला जातीमुळे पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्या भांड्यापाशी मन थांबू द्या. राग आला तर येऊ द्या, मलाही येतो.

मग मुंबई. तिथं रेल्वेत नोकरी आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. 1906 मध्ये हिंदू संघानं युरोपियन संघाला हरवलं, त्यात बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम, दोघेही होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूनं शंभरावर बळी घेतले. परक्या हवेत, परक्या खेळपट्टीवर हात तोच, पुण्याच्या नेटमधला.

हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्याला कधीच दिलं नाही. ही गोष्ट मनात खोल उतरू द्या. पुढे बाळूचा आणखी एक धाकटा भाऊ विठ्ठल 1923 साली त्याच संघाचा कर्णधार झाला, आणि त्या वर्षी हिंदूंनी चार संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली.