ओझ्याची ओढ

नागपूरच्या धंतोलीत मननासाठी बसायचं म्हटलं की रामकृष्ण मठ आठवतो. १९२८ पासून तो इथे आहे आणि शांत बसू पाहणाऱ्या कितीतरी नागपूरकरांची पावलं तिकडे वळत आली आहेत. आज मात्र मनानंच मठाच्या बाहेर या. दवाखान्यांच्या एखाद्या गल्लीत, कडुनिंबाच्या सावलीत थांबा. खांदे सैल सोडा, श्वास आपल्या चालीनं चालू द्या. समोर एक पिकअप उभी आहे. हौद्यात प्राणवायूचे सिलिंडर उभे आहेत, अंग काळं आणि खांदे पांढरे. फाळका लावलेला आहे. इंजिन बंद आहे. एवढंच डोळ्यांपुढे ठेवा.

ही गाडी आपण रोज पाहतो, पण तिच्याकडे बघत नाही. धंतोलीत एवढी रुग्णालयं आहेत की अशी गाडी दिसली नाही असा दिवस विरळा. आपण स्कूटर तिच्या बाजूनं काढतो आणि पुढे जातो. आज तिच्या दोरांकडे बघायचं आहे. जड वस्तू हौद्यात कशी बांधावी, कशानं बांधावी, हा प्रश्न किरकोळ वाटतो. मला तो तसा वाटत नाही.

आधी एकच सिलिंडर घ्या. मोठ्या सिलिंडरला सगळे जम्बो म्हणतात. त्यात सुमारे सात घनमीटर प्राणवायू असतो, दर चौरस सेंटिमीटरला दीडशे किलोच्या आसपास दाबानं भरलेला. लोखंडाचं वजन साठ किलोच्या घरात आणि आतल्या वायूचं जेमतेम नऊ-दहा किलो. मिनिटाला दहा लिटर प्राणवायू लागणाऱ्या रुग्णाला तो पुरेल सातशे मिनिटं, म्हणजे अकरा तास चाळीस मिनिटं. संध्याकाळी सातला जोडला तर सकाळी सहा चाळीसपर्यंत. म्हणजे ह्या काळ्या लोखंडाच्या आत कुणाची तरी एक अख्खी रात्र आहे. घाईनं पुढे जाऊ नका. हौद्यात वीस सिलिंडर असतील तर वीस रात्री आहेत, आणि ज्यांच्या त्या आहेत ते लोक ह्याच गल्लीत कुठल्या तरी मजल्यावर झोपलेले आहेत.

आता विचारा, ह्या सिलिंडरला कुठे जायचं आहे?

उत्तर अंगानंच शोधा. शहर बसमध्ये उभे आहात असं समजा, दांडा न धरता. चालकानं ब्रेक दाबला, तुम्ही पुढे गेलात. बस चौकात वळली, तुम्ही बाहेरच्या बाजूला कललात. गतिरोधक आला, तळपाय क्षणभर हलके झाले. तुम्हाला कुणी ढकललं नाही, तुम्ही फक्त आधीच्याच चालीत राहिलात. सिलिंडरचंही तेच होतं. तो हट्टी नाही, खोडकर नाही. ज्या वेगानं चालला होता त्याच वेगानं चालत राहणं एवढंच त्याला माहीत आहे.

ह्या ओढीचं माप ठरलेलं आहे. युरोप-अमेरिकेतले माल बांधण्याचे नियम सांगतात की पुढच्या दिशेला वजनाच्या ऐंशी टक्के आणि दोन्ही बाजूंना निम्मं बळ सोसेल अशी बांधणी हवी. सत्तर किलोचा भरलेला सिलिंडर जोरात ब्रेक लागताच छप्पन्न किलोच्या जोरानं चालकाच्या पाठीकडे निघतो. वीस सिलिंडर मिळून अकराशे वीस किलो. पुढे केबिन आहे, केबिनमध्ये दोन माणसं आहेत. आपल्याकडेही गॅस सिलिंडर नियम, २०१६ हेच सांगतात: सिलिंडर हलणार नाहीत, एकमेकांवर आदळणार नाहीत, पडणार नाहीत असे अडवून बांधावेत, आणि गाडीच्या कडेबाहेर येऊ देऊ नयेत. खरी भीती झडपेची असते. पडताना झडप मोडली तर आतला दाब त्या छोट्या तोंडातून बाहेर धावतो आणि साठ किलोचं लोखंड अस्त्रासारखं सुटतं. म्हणून झडपेवर टोपी हवी. टोपी बसवायला लागतं अर्धं मिनिट.

पुन्हा श्वासाकडे या. मग हौद्यातल्या मोकळ्या जागेकडे बघा.

बांधणीची सुरुवात दोरापासून होते असं वाटतं. ती होते पोकळीपासून. सिलिंडर आणि हौद्याची पुढची भिंत ह्यांच्यात वीतभर जागा राहिली, तर ती वीत पार करताना सिलिंडर वेग कमावतो, आणि भिंतीला लागतो तेव्हा नुसता टेकत नाही, आदळतो. जागाच नसेल तर भिंत त्याला आधीपासून धरून असते आणि पट्ट्याला फार थोडं काम उरतं. म्हणून जाणता माणूस आधी माल पुढे सरकवतो, एकमेकांना चिकटवतो, उरलेल्या फटीत लाकडी गुटके, जुने टायर, गोणपाट कोंबतो, आणि मगच दोराला हात घालतो. गाडी जाताना सिलिंडर खणखणत असतील तर समजा, पोकळी राहिली आहे. तो आवाज ऐकायची सवय लावून घ्या. धंतोलीच्या गल्ल्यांतून तो अनेकदा येतो आणि मला तो अस्वस्थ करतो.

आता दोर. मालावरून टाकून दोन्ही कडांना आवळलेला पट्टा मालाला खाली दाबतो. दाब वाढला की तळाशी घर्षण वाढतं आणि माल सरकायला कचरतो. पण पट्टा किती उभा आहे ह्यावर सगळं अवलंबून आहे. सरळ खाली जाणारा पट्टा सगळा ताण दाबण्यात खर्च करतो. जमिनीशी तीस अंशांचा कोन करून आडवा पसरलेला पट्टा तेवढ्याच ताणात निम्माच दाबतो. बाहेरून दोन्ही सारखेच घट्ट दिसतात, बोटानं टिचकी मारली तर सारखेच वाजतात. उंच आणि अरुंद सिलिंडरला तर नुसतं वरून दाबणं पुरत नाही. त्याचं पाऊल लहान, धड लांब, त्यामुळे तो सरकण्याआधी कलंडतो. त्याला कमरेच्या वर एक आडवा वेढा हवा, सगळ्यांना मिळून घेणारा, हौद्याच्या बाजूंना पक्का धरलेला, आणि खाली दुसरा. दोन्ही वेढे लागले की वीस सिलिंडर एका गठ्ठ्यासारखे उभे राहतात, आणि गठ्ठ्याचं पाऊल रुंद असतं.

कशानं बांधायचं? सुताचा किंवा काथ्याचा दोर हाताला प्रेमळ असतो, गाठ छान धरतो, पण उन्हापावसात आतून कुजतो आणि वरून ते कळत नाही. नायलॉनची दोरी बळकट असते, पण ताणली की लांबते, भिजली की आणखी. झटके सोसायला ते लांबणं बरं. जड माल जागच्या जागी ठेवायला नाही, कारण सकाळी आवळलेली दोरी दुपारपर्यंत सैल पडते. पॉलिएस्टरचा रॅचेट पट्टा फार कमी लांबतो, म्हणून बहुतेक मालाला तोच बरा. त्याच्यावर शिवलेल्या पट्टीवर किती भार घ्यायचा ते लिहिलेलं असतं. अमेरिकेत तो आकडा तुटण्याच्या बळाच्या एक तृतीयांश धरतात. उरलेले दोन भाग खड्ड्यांसाठी, अचानकच्या ब्रेकसाठी, धारदार कडेवर घासण्यासाठी. पट्टी फाटून गेली असेल तर तो पट्टा किती सोसेल हे कुणालाच ठाऊक नाही. आणि नागपूरचं मे महिन्यातलं ऊन, पंचेचाळीस अंशांचं, ह्या धाग्यांना दिवसेंदिवस पांढरं करत असतं. रंग उडालेला पट्टा हातात घेऊन वाकवा. करकरीत लागला, तर त्याचे दिवस भरलेत. साखळी उन्हाला भीत नाही, जवळपास लांबतही नाही. पण ती मालाला ओरखडते, आणि तिच्यात झटका जिरत नाही, तो थेट कडीपर्यंत जातो.

आता त्या कडीपाशी या. सगळ्यात जास्त वेळ मला इथे थांबायचं आहे.

पट्टा दोन टनांचा असेल, पण ज्या कडीत त्याचा हूक अडकवला ती पातळ पत्र्याला दोन बोल्टांनी लावलेली असेल, तर बांधणी त्या पत्र्याएवढीच. उदाहरण घ्या: परदेशात लोक पिकअपच्या हौद्यात झोपायची-स्वयंपाकाची अख्खी खोली बसवून हजारो किलोमीटर फिरतात. अशी खोली टनभर वजनाची असू शकते. तिला धरणाऱ्या चार ताणण्या निवडताना खरा निर्णय असतो तो हाच: त्या हौद्याच्या पत्र्याला लावायच्या की खालच्या चासीला? हौदा चासीवर बोल्टांनी बसवलेला असतो. त्याच्या कडा माल भरायला केलेल्या असतात, वर ओढून घ्यायला नाही. वाऱ्यात आणि वळणांवर खोली डुलते तेव्हा पत्रा आधी लवतो, मग चिरतो. जड खोलीसाठी चासीला धरणं शहाणपणाचं. पुढच्या ताणण्या खाली आणि पुढे ओढतात, मागच्या खाली आणि मागे. चारही मिळून खोलीला मधोमध धरतात. शिवाय खोलीचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे राहायला हवा, नाहीतर गाडीचं नाक उचलू लागतं आणि सुकाणू हलकं पडतं.

आणखी एक गोष्ट, जी मला फार विचार करायला लावते. खाचखळग्यांत चासी पिळवटते. एक चाक खड्ड्यात, दुसरं उंचवट्यावर, तेव्हा गाडीचे चार कोपरे एका पातळीत नसतात. वरची खोली मात्र तशी पिळत नाही. म्हणून चांगल्या ताणण्यांमध्ये स्प्रिंग असते. एका कोपऱ्यातलं अंतर वाढलं की ती उघडते, कमी झालं की मिटते, आणि दोन्ही वेळा थोडा ताण राखून असते. स्प्रिंग नसलेली टर्नबकल, म्हणजे फिरवून आवळायची ताणणी, जीव खाऊन आवळली, तर त्या पिळाचा सगळा जोर कडीवर आणि खोलीच्या चौकटीवर जातो. काही तरी तुटतंच. ‘आणखी घट्ट’ हा नेहमीच बरा सल्ला असतो असं मला वाटत नाही. खाली काय हलतं आणि वर काय हलत नाही, हे आधी पाहायला हवं.

हे ध्यानात ठेवून २०२१ च्या एप्रिलकडे, करोनाच्या दुसऱ्या लाटेकडे चला. तो महिना नागपूरला आठवायला जड जातो. धंतोलीतल्या नातेवाइकांचे चेहरे, खाटेसाठीची वणवण, सिलिंडरसाठीचे फोन. आठवण येईल तशी येऊ द्या, तिला रेटू नका. त्या दिवसांत पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस नागपूरला आली. १९ एप्रिलला कळंबोलीहून सात रिकामे टँकर रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून निघाले आणि विशाखापट्टणमला गेले. तिथे दहा तासांत शंभर टनांहून अधिक द्रव प्राणवायू भरला गेला. एकवीस तासांच्या प्रवासानंतर गाडी २३ तारखेला नागपुरात पोहोचली. तीन टँकर इथे उतरले, चार नाशिकला गेले.

त्या वाघिणीकडे जरा निरखून बघा. टँकरची उंची ३,३२० मिलिमीटर, वाघिणीची १,२९०. बेरीज साडेचार मीटरच्या वर. पूल, विजेच्या तारा, घाटातले बोगदे, सगळं मोजावं लागलं. म्हणून जाताना गाडी घाट टाळून वसई, सुरत, भुसावळ अशी लांबून नेली. १८ एप्रिलला बोईसरला एक टँकर वाघिणीवर चढवून मापं घेतली होती. कोकण रेल्वेवर १९९९ पासून ट्रक असे वाघिणींवरून जातात: चाकांना अडसर, साखळ्यांनी आवळणं. पण इथे हालचालीचे थर होते. वाघीण तिच्या स्प्रिंगांवर हलणार. टँकर त्याच्या स्प्रिंगांवर आणि टायरांवर. आणि टाकीतला द्रव, उणे १८३ अंशांचा, आपल्या मर्जीनं हेलकावणार. त्या द्रवाला कुठलीही साखळी बांधता येत नाही. त्याच्यासाठी गाडीच्याच वेगाला, वेग धरण्याला आणि सोडण्याला मर्यादा घालाव्या लागल्या. जे बांधता येत नाही ते सांभाळायचं तर चालवणाऱ्याला स्वतःचा हात हलका करावा लागतो. त्या इंजिन-चालकांबद्दल मला आजही मनापासून कृतज्ञता वाटते.

परत गल्लीत या. पिकअप निघायच्या तयारीत आहे. माणूस एकदा गाडीभोवती फिरतो, प्रत्येक पट्ट्यावर तळहात ठेवतो, लोंबणारं टोक गुंडाळून खोचतो. थोडं अंतर गेल्यावर तो पुन्हा थांबेल, कारण पहिल्या धक्क्यांनी माल बसतो आणि बसलेल्या मालावरचा पट्टा सैल होतो. ते थांबणं गर्दीत, मागच्या हॉर्नांच्या कल्लोळात फार अवघड असतं. अशी गाडी रस्त्याकडेला थांबलेली दिसली तर तुम्ही तरी हॉर्न वाजवू नका.

रुग्णालयाच्या मागच्या दारी गाडी लागली की पट्टा लगेच सोडायचा नसतो. वाटेत एखादा सिलिंडर कलून पट्ट्यावरच रेलून राहिलेला असू शकतो. पट्टा सुटताच तो खाली येईल, आणि खाली सोडणाऱ्याचे पाय असतात. म्हणून आधी पाहायचं, हाताचा आधार द्यायचा, बाजूला उभं राहून मग रॅचेट उघडायचा. हाताला तेल किंवा ग्रीस नको; दाबाखालचा प्राणवायू आणि तेल भेटले की पेट घेऊ शकतात. सिलिंडर एकेक करून ट्रॉलीवर जातात. रिकामे आत येतात, आणि तेही तसेच बांधावे लागतात, कारण लोखंडाचं वजन कुठेच गेलेलं नाही.

मग मोकळा पट्टा दोन्ही हातांत धरून टोकापासून टोकापर्यंत बोटं फिरवा. कुठे चीर, कुठे वितळल्याचा कडकपणा, कुठे उसवलेली शिवण आहे का ते चाचपा. चीर सापडली तर तिथे गाठ मारून तो पुन्हा वापरू नका. गाठीपाशी पट्ट्याचं बळ निम्म्याच्या आसपास उतरतं. तो मधोमध कापा आणि दोन तुकडे वेगवेगळे टाका, म्हणजे उद्या दुसरं कुणी तो चांगला समजून उचलणार नाही.