अप्लाय आणि अ‍ॅक्सेप्टच्या मधे

मोबाइलवरचं अ‍ॅप रात्रीत बदलतं आणि सकाळी आपण मुकाट्याने नवं बटण शोधत बसतो. जुनं कुठे गेलं, हे विचारायची सोयच नसते. आयबीएमच्या मेनफ्रेमवर, झेड/ओएस या प्रणालीत, ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. तिथे नवा घटक किंवा दुरुस्ती बसवायचं काम एसएमपी/ई हे साधन करतं, तेही तीन टप्प्यांत. ‘रिसीव्ह’ने माल फक्त दाखल होतो. ‘अप्लाय’ने तो वापरातल्या लायब्रऱ्यांत उतरतो, शहाणे लोक तोही प्रणालीच्या वेगळ्या प्रतीवर उतरवतात, म्हणजे चालू कारभाराला धक्का लागत नाही. ‘अ‍ॅक्सेप्ट’ने तो मूळ प्रतीच्या वितरण लायब्रऱ्यांतही जातो. तोवर ‘रिस्टोअर’ करून माघार घेता येते. एकदा अ‍ॅक्सेप्ट केलं की ती वाट बंद.

हा सावधपणा अनुभवातून आलेला असावा. झेड/ओएसची पूर्वज असलेल्या ओएस/३६०च्या उभारणीचं नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५च्या पुस्तकात लिहून ठेवलं, की एक दोष दुरुस्त करताना दुसरा घुसण्याची शक्यता २० ते ५० टक्के असते. म्हणजे दुरुस्ती बसली, तरी संशय लगेच मिटत नाही. न्यायदर्शनाच्या, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेच्या, १६ पदार्थांतही संशय तिसरा आणि निर्णय नववा. मधे दृष्टान्त आहे, तर्क आहे. अप्लाय आणि अ‍ॅक्सेप्ट यांमधल्या काळात नेमकं हेच चालतं.

खरी गंमत ‘अप्लाय चेक’च्या अहवालात आहे. आज्ञा तीच, पण बदलत काहीच नाही. कोणत्या पीटीएफच्या, म्हणजे दुरुस्तीच्या संचाच्या, आधी कोणता हवा, कोण कोणाची जागा घेतो, कोण कशामुळे अडलाय, एवढं कळतं. अडवणारा असतो ‘होल्ड’. कधी त्यात एवढंच म्हटलेलं असतं, की हे बसवल्यावर आयपीएल करावं लागेल, म्हणजे प्रणाली नव्याने चालू करावी लागेल. कधी दुरुस्तीच सदोष निघालेली असते, आणि तसं सांगणारा होल्ड मागाहून येतो. पहिल्या प्रकारचा होल्ड ओलांडायचा तर ‘बायपास’मध्ये तसं लिहावं लागतं. न वाचताच बायपास ठोकून देणारे महाभाग असतातच. पण निदान त्यांच्या जॉबमध्ये ते लेखी राहतं.

संशय जपायलाही किंमत पडते, हे मात्र कमी लोक बोलतात. रिस्टोअर कालच्या स्थितीला जात नाही. ते थेट वितरण लायब्ररीतली शेवटची स्वीकारलेली प्रत आणतं. त्यामुळे एकाच मोड्यूलवर पाच पीटीएफ अप्लाय करून एकही अ‍ॅक्सेप्ट केला नसेल, तर बिघडलेला पाचवा एकटा निघत नाही. आधीचे चार, सुरळीत चालत असले तरी, त्याच्याबरोबर काढावे लागतात. म्हणून बऱ्याच ठिकाणी नवी खेप अप्लाय करण्याआधी, काही काळ बिनतक्रार चाललेली मागची खेप अ‍ॅक्सेप्ट करून टाकतात.