समजूत कोणी काढावयाची?

बदलीचा हुकूम एकाच्या नावाने निघतो आणि सामान मात्र चौघांचे बांधावे लागते. हुकुमात पदाचे नाव असते, रुजू होण्याची तारीख असते. घरातल्या दहा वर्षांच्या मुलाचा त्यात कोठे उल्लेख नसतो. त्याला विचारून कोणी बदली स्वीकारल्याचे आमच्या तरी पाहण्यात नाही. या मासिकाचे बहुतेक वाचक आमच्यासारखेच गावोगाव फिरलेले असल्यामुळे यात नवे काही सांगितले असे नाही. परंतु या फिरस्तीत मुलांच्या मनाचे जे काही होते त्याचे उत्तरदायित्व नेमके कोणावर, हा प्रश्न आम्ही स्वतःस कित्येक वर्षे विचारलाच नव्हता. तो उरल्याच्या मुक्कामी आमच्यापुढे येऊन उभा राहिला.

उरला ही रायपूरच्या उत्तरेस, बिरगावला लागून असलेली औद्योगिक वसाहत. पुढे गेले की सिलतरा. दोन्हीकडे स्पंज आयर्नच्या भट्ट्या आणि रोलिंग मिल. भट्टी रात्रीही विझवीत नाहीत, म्हणून माणसे पाळ्यांनी कामावर जातात, आणि घराघरावर बारीक काळी धूळ बसत राहते. सकाळी पुसलेली खिडकीची चौकट संध्याकाळी बोटाला काळी लागते. पहिल्या दिवशी रस्त्यावरची पाटी वाचून आमचे चिरंजीव म्हणाले, "उरला? बाबा, इथे काय उरलंय?" आम्ही सर्व हसलो. त्या घरात आम्ही सर्वांनी मिळून हसण्याचा प्रसंग त्यानंतर बरेच दिवस आला नाही.

झाले ते थोडक्यात असे. कचेरीत एक प्रकरण शेरा मारून परत आले होते. शेरा अन्यायाचा होता असे आम्हांस तेव्हा वाटले. आज तसे वाटत नाही, पण तो भाग निराळा. घरी आलो तो खिडकीच्या काचेवरील धुळीत मुलाने बोटाने मागल्या गावच्या आपल्या मित्राचे नाव लिहिले होते, आणि काळे झालेले तेच बोट भिंतीला पुसले होते. आम्ही नको तितके बोललो. भिंतीवरून सुरुवात केली, मित्रापर्यंत गेलो, आणि "जुन्या गावाचे रडगाणे आता पुरे" अशा शब्दांनी शेवट केला. मुलगा रडला नाही. त्याने ओले फडके आणले, काच पुसली, भिंत पुसली आणि तो आत गेला.

त्यानंतर तो फार शहाण्यासारखा वागू लागला. वेळेवर अभ्यास, पानात काही टाकणे नाही, हट्ट नाही. नव्या गावी मुलगा रुळला असे आम्ही नागपूरच्या नातेवाइकांना फोनवर सांगितलेसुद्धा. तीन आठवड्यांनी त्याची आई एका रात्री म्हणाली, "अहो, तुम्ही दारात बूट काढता ना, त्या आवाजावरून तो ठरवतो, बाहेर यायचं की नाही. हळू ठेवले तर येतो. आपटले तर वही उघडून बसतो."

कचेरीत साहेबांच्या गाडीच्या दाराचा आवाज ऐकून त्यांची मर्जी ओळखणारे शिपाई आम्ही पाहिले आहेत, आणि त्या कलेचे कौतुकही केले आहे. ती कला दहा वर्षांच्या मुलाने आपल्याच घरात शिकावी याची आम्हांस लाज वाटली.

येथे कोणी विचारील की, आमचे वडील तरी कोठे मुलांची क्षमा मागत होते? ते रागावत, प्रसंगी हातही उगारीत, आणि आम्ही काही बिघडलो नाही. हा आक्षेप आम्ही स्वतःच स्वतःवर घेतला होता, म्हणून त्याचे मोल आम्हांस ठाऊक आहे. परंतु आमच्या लहानपणीचे घर आठवून पाहिले तेव्हा त्यात एक माणूस दिसला, जो उरल्याच्या घरात नव्हता. वडील रागावले की आम्ही माडीवर जाऊन बसत असू, आणि थोड्या वेळाने आजी जिना चढून येई. तिच्या ओच्यात गूळ-शेंगदाणे असत. "त्याच्या मनात काही नसतं रे, बाहेरचा ताप घरी काढतो," असे ती म्हणे, आणि हे वाक्य खाली वडिलांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणे. आजी नसली तर काकू, काकू नसली तर वाड्यातले कोणी बिऱ्हाडकरू. वडिलांनी क्षमा मागितली नाही हे खरे. त्यांच्या वतीने ती कोणीतरी रोज मागत होते. बदलीच्या गावी आपण आई, वडील आणि मुले एवढेच जातो. प्रेम आपल्याबरोबर येते, रागही येतो. मधला माणूस मात्र मागे राहतो.

आपल्या भाषेत रुसवा आणि समजूत हे शब्द जोडीने नांदतात. एकाने रुसावे, दुसऱ्याने समजूत काढावी. हिंदीत रूठना आणि मनाना आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई छत्तीसगढीत 'रिसाना' म्हणतात. रुसणे हा दुर्गुण म्हणून मुलांना सांगण्याची आपली रीत आहे. आम्हांस आता तसे वाटत नाही. कोणीतरी उठून आपल्यामागे येईल ही खात्री असल्याखेरीज कोणीही रुसत नाही. निर्जन रानात कोण कोणावर रुसेल? आमचा मुलगा रुसेनासा झाला होता, आणि त्यालाच आम्ही शहाणपण समजत होतो.

मानसशास्त्रज्ञ हेच निराळ्या वाटेने सांगतात. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन संशोधकाने १९७० नंतरच्या दशकात तान्ह्या मुलांवर एक साधा प्रयोग केला. आईने बाळाशी नेहमीसारखे खेळावे, मग काही मिनिटे चेहरा अगदी निर्विकार ठेवावा, आणि नंतर पुन्हा खेळू लागावे. आईचा चेहरा थिजताच बाळ हसून पाहते, हात पुढे करते, आवाज करते. काही साधत नाही असे दिसले की मान फिरवते. या अभ्यासातून पुढे जे निष्पन्न झाले त्याने आम्हांस मोठा दिलासा दिला: चांगल्या चाललेल्या घरातही आई आणि मूल यांचा सूर वारंवार चुकतो, आणि मुलाचे मन घडते ते तो सूर पुन्हा जुळण्याच्या अनुभवातून. इंग्रज बालवैद्य विनिकॉट यांनीही आईकडून निर्दोषतेची अपेक्षा केली नव्हती. 'पुरेशी चांगली' एवढाच शब्द त्यांनी वापरला. अखंड प्रसन्न राहण्याचे कर्तव्य आपल्यावर असते तर आपल्यापैकी बहुतेक जण त्यात नापास झाले असते.

रायपुराला या बाबतीत एक जुने उदाहरण आहे. १८७७ साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त येथे राहात होते, आणि त्यांचे कुटुंब त्यांच्याकडे आले. रेल्वे रायपूरपर्यंत पोहोचली नव्हती. बराचसा प्रवास रानातून बैलगाडीने झाला. थोरला मुलगा नरेंद्र चौदा वर्षांचा होता, त्याच्या जोगी शाळा येथे नव्हती. कोणत्याही बदलीच्या गावी होते तसेच ते नुकसान. पण वडील त्याच्याशी बोलत बसत, वाद घालीत, आणि त्याचे मत आपल्याहून निराळे असले तरी ते मांडू देत, असे चरित्रकार सांगतात. दोन वर्षांनी कुटुंब परत गेले. तो मुलगा पुढे विवेकानंद झाला म्हणून आम्ही हे सांगत नाही. तसा हिशेब मांडणे मुलांवर अन्याय करणारे आहे. परमुलखात, शाळेवाचून, मित्रांवाचून असलेल्या मुलाला घरात आपले म्हणणे खोडून काढणारा आणि ऐकूनही घेणारा बाप मिळाला, एवढेच आम्हांस त्यात पाहावयाचे आहे.

मग आम्ही मुलाची क्षमा मागावी काय? मागितल्याने वचक जाईल ही भीती कचेरीतली आहे, ती घरी आणण्याचे कारण नाही. आम्हांस अडचण वाटली ती वेगळीच. ज्याला नकार देता येत नाही त्याच्याकडे क्षमा मागण्यात काय अर्थ? मूल आपल्या अन्नावर आणि आपल्या छायेत असते. आपण डोळ्यांत पाणी आणून "चुकलो रे" म्हणावे आणि त्याने लगेच "असू द्या बाबा" म्हणावे, हा दुसऱ्या तऱ्हेने त्याच्यावर टाकलेला भारच होय. आधी आपला राग त्याने सोसला, आता आपला पश्चात्ताप सोसावा! म्हणून चूक सांगावी, ती नेमकी कोणती ते सांगावे, आणि उत्तराची वाट न पाहता थांबावे, इतपतच आमचा निर्णय झाला.

हे सर्व लिहिताना संकोचही वाटतो. उरल्यात रात्रपाळी करून आलेला कामगार एका खोलीत दिवसा झोपतो, आणि त्याची मुले दिवसभर गप्प बसविली जातात. त्याला समजूत काढण्याचा उपदेश करण्याचा अधिकार, ज्यांच्या घरी झोपण्याची खोली निराळी आहे त्यांना कितपत असावा? निवांतपणा हेही त्याचे भांडवल आहे, आणि ते सर्वांना सारखे मिळालेले नाही. शिवाय काही दुखणी समजुतीने जाणारी नसतात. मुलाची झोप, अन्न, शाळा आठवडेच्या आठवडे बिघडली तर डॉक्टरांकडेच गेले पाहिजे; १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारची विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, आणि तेथे फोन करण्यात कमीपणा नाही.

आम्ही एका रविवारी त्याच्याजवळ बसलो. "त्या दिवशी तुझी चूक भिंतीपुरती होती, मित्राबद्दल मी बोललो ते चुकीचं होतं, आणि राग कचेरीतला होता," असे सांगितले. त्याने ऐकून घेतले, "मला झोप आलीय," म्हणाला आणि पांघरूण ओढून घेतले. भर सकाळी दहाची वेळ होती. आम्ही उठून आलो.

पंधरा-वीस दिवसांनी, मित्राशी फोनवर बोलण्याची वेळ आम्ही विसरलो या कारणावरून त्याने जेवणाचे ताट सरकविले, "तुम्ही नेहमी असंच करता!" असे ओरडला आणि खोलीचे दार आपटून आत गेला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्याच्या आईने एका वाटीत गूळ-शेंगदाणे काढून आमच्या हातात दिले. दार उघडावयास त्याने चांगला पाऊण तास लावला.