मौजेच्या पैशाचं गांभीर्य

एडवर्ड मुंक म्हटला की किंकाळी फोडणारा तो पांढराफटक चेहरा आठवतो. त्याच मुंकने 1922-23 साली एका चॉकलेटच्या कारखान्यातल्या बायकांच्या जेवणघरासाठी 12 चित्रं रंगवली, हे फारसं कुणाला आठवत नाही. कारखाना फ्रेया. शहर आजचं ऑस्लो. तेव्हा त्याचं नाव क्रिस्तियानिया होतं, ते 1925 साली बदललं. चित्रांमध्ये यंत्रं नाहीत, भोंगा नाही, कोकोची पोती नाहीत. समुद्रकाठ आहे, फळं तोडणाऱ्या आणि फुलांना पाणी घालणाऱ्या मुली आहेत, किनाऱ्यावरचा नाच आहे. सकाळभर चॉकलेटं गुंडाळून आलेल्या बाईने डबा खाताना दुसऱ्या कुणाची तरी निवांत दुपार पाहावी, अशी ती योजना. मालक योहान थ्रोने होल्स्ट हा धंद्यात मुरलेला माणूस. समाधानी कामगार चांगलं काम करतो, हा त्याचा हिशेब होता आणि तो त्याने लपवला नाही. तरी चित्रं उत्तम आहेत. हिशेबातून चांगलं काही निघूच नये असा नियम नाही.

दोन महायुद्धांमधल्या नॉर्वेचा विचार करताना मला हे जेवणघर फार उपयोगी वाटतं. एका हलक्याफुलक्या, थोड्या चैनीच्या वस्तूच्या नफ्यातून तिथे गंभीर कला उभी राहिली. पुढची वीस वर्षं तो देश मोठ्या प्रमाणावर हेच करत होता.

1919 साली नॉर्वेत आठ तासांचा दिवस आणि 48 तासांचा आठवडा कायद्याने आला. त्याच वर्षी वॉशिंग्टनला पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिने जगासाठी हेच 48 तास सुचवले, पण हिंदुस्थानातल्या कारखान्यांसाठी वेगळं कलम घालून 60 तास ठेवले. हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तिथे हजर होते. परळच्या गिरणीतल्या साचेवाल्याला 60 तासांची मर्यादासुद्धा मिळाली ती 1922 च्या कायद्याने. तेव्हा नॉर्वेत ज्या प्रश्नावर डोकेफोड चालली होती, तो प्रश्न पडणं हीच आपल्याकडे चैन ठरली असती. प्रश्न असा: उरलेल्या वेळात माणसाने करायचं काय?

अर्थात सगळ्यांचा वेळ उरलाच नव्हता. शेतमजूर, मच्छीमार आणि घरकामाच्या मुली कायद्याच्या बाहेरच राहिल्या. मोलकरणींच्या कामाच्या तासांचा कायदा यायला 1948 उजाडलं. कामगार चळवळही या बाबतीत धुतल्या तांदळासारखी नव्हती. नवऱ्याला नोकरी असेल तर लग्न झालेल्या बाईने पगारी काम धरू नये, असा ठराव कामगार संघटनांच्या महासंघाने 1925 साली केला होता. 'कामानंतरचा वेळ' हा शब्दप्रयोग मुळात पुरुषाच्या घड्याळावर बेतलेला होता.

त्या पुरुषाच्या संध्याकाळवर मात्र सगळ्यांचा डोळा. दारूबंदीवाल्यांना ती दारूपासून वाचवायची होती, पाद्र्यांना पापापासून, डॉक्टरांना कोंदट हवेपासून. मजूर पक्षाला ती भांडवलदारांपासून वाचवायची होती. त्यापायी 1924 साली कामगारांचा वेगळा क्रीडासंघ निघाला. स्कीवर घसरायचं तेही कोणत्या वर्गाच्या बाजूने, हे आधी ठरवायचं!

पण खरी गंमत सिनेमाची. 1913 च्या कायद्याने चित्रपटगृहाचा परवाना देण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला. हेतू नैतिक होता: पोरं बिघडू नयेत. मग लवकरच कुणाच्या तरी लक्षात आलं, की परवाना दुसऱ्याला द्यायचा त्यापेक्षा चित्रपटगृहच आपण चालवलं तर नीती राहील आणि गल्लाही आपलाच होईल. विसाच्या दशकाच्या मध्यापर्यंत ऑस्लोसकट बहुतेक मोठ्या शहरांत सिनेमा नगरपालिकेचा झाला. पाणीपुरवठा, रस्ते, दिवाबत्ती आणि चॅप्लिन.

लोक काय पाहत होते? मुख्यतः अमेरिकेतून आलेल्या मारामाऱ्या, प्रेमकथा आणि विनोदी फजिती. शहाण्यासुरत्या नगरसेवकांना हे फारसं रुचणारं नव्हतं. पण तिकिटाचा पैसा रुचत होता. तो कशावर खर्च झाला ते पाहण्यासारखं आहे. ऑस्लोच्या फ्रोग्नेर उद्यानात गुस्ताव विगेलानची शिल्पं आहेत. मधोमध एकाच दगडातून कोरलेला, 121 मानवी आकृतींचा स्तंभ आहे. त्याच्या कोरीवकामाला 1929 पासून 14 वर्षं लागली. या अवाढव्य प्रकल्पाच्या खर्चाला चित्रपटगृहांच्या नफ्याचाही हात लागला. जन्म, वार्धक्य आणि मृत्यूचं हे भव्य चिंतन काही अंशी तरी केळीच्या सालावरून घसरणाऱ्या माणसाला हसणाऱ्यांनी उभं केलं, असं म्हणायला हरकत नाही.

यात एक घटक उपाशी राहिला, तो म्हणजे नॉर्वेचा स्वतःचा सिनेमा. परवाना नगरपालिकेच्या हातात, नफा बागांना आणि कलेला. मग चित्रपट काढायला पैसा घालणार कोण? मूकपटांच्या काळात शेजारच्या स्वीडनचे दिग्दर्शक जगभर गाजत असताना नॉर्वेत वर्षाला मोजकेच चित्रपट निघत. पहिला बोलपट 1931 साली आला. तो ऑस्लोतल्या आकेर नदीकाठच्या गिरणी कामगारांच्या वस्तीवरचा होता, ओस्कार ब्रॉटेनच्या नाटकावर बेतलेला. दिग्दर्शकांपैकी एक तांक्रेड इब्सेन, नाटककार इब्सेनचा नातू. करमणुकीच्या पैशातून संस्कृती जोपासताना करमणूक हीच संस्कृती असू शकते, हे नगरपालिकांच्या ध्यानात यायला वेळ लागला. 1932 साली त्यांनी मिळून चित्रपटनिर्मितीची कंपनी काढली खरी.

दारूच्या बाबतीत लोकांच्या संध्याकाळीवर नजर ठेवणाऱ्या या पालकत्वाची पुरती शोभा झाली. 1919 च्या सार्वमतात सुमारे 62 टक्के मतदारांनी बंदीला कौल दिला. लगेच स्पेन-पोर्तुगालने बजावलं: आमची वाइन घेणार नसाल तर तुमचा खारवलेला सुका मासाही नको. 1923 मध्ये कडक वाइनवरची बंदी उठली. स्पिरिटवरची राहिली आणि देशभर औषध म्हणून ब्रँडीची गरज असलेले रुग्ण एकाएकी वाढले. 1926 ला दुसऱ्या सार्वमताने तीही बंदी संपवली.

मग मंदी आली. 1933 मध्ये संघटित कामगारांपैकी जवळपास एक तृतीयांश बेकार होते. त्यांच्याकडे दिवसाचे चोवीस तास मोकळे होते आणि त्याला फुरसत म्हणण्याची कुणाची छाती झाली नाही. फुरसतीला पगाराचा काठ लागतो. तो काठ 1936 च्या कामगार संरक्षण कायद्याने दिला: वर्षाला नऊ दिवसांची हक्काची रजा. त्याआधीच, 1934 साली, ऑस्लो नगरपालिकेने फ्योर्डच्या काठी इंगियेरस्ट्रांडचं स्नानकेंद्र बांधलं होतं. पांढरं, नितळ, नव्या वास्तुशैलीतलं. सूर्य, पाणी आणि आरोग्य. पालकांच्या स्वप्नातली फुरसत अगदी हुबेहूब अशीच होती.

आणि ती वाईट नव्हती. उलट नॉर्वेजियन लोकांनी मोकळी हवा मनापासून स्वीकारली. ईस्टरच्या सुट्टीत शहरंच्या शहरं डोंगरातल्या लाकडी घरांकडे निघू लागली. फक्त जाताना त्यांनी पिशवीत काय घेतलं, ते कोणत्याही समितीने सुचवलेलं नव्हतं. 1923 च्या ईस्टरआधी 'आफ्टनपोस्टन' या दैनिकाच्या पहिल्या पानावर मथळा झळकला, की काल रात्री बर्गनची गाडी लुटली गेली. ज्यांची माणसं त्या गाडीने गेली होती त्यांचे धाबे दणाणले. ती बातमी नव्हती, जाहिरात होती. नूर्डाल ग्रीग आणि निल्स ली या दोघा तरुणांनी टोपणनावाने लिहिलेल्या रहस्यकादंबरीचं नावच तसं होतं. पुस्तक धडाक्यात खपलं. तेव्हापासून नॉर्वेत ईस्टरला खुनाच्या कादंबऱ्या वाचण्याची प्रथा रुजली. दर वसंतात प्रकाशक नव्या कादंबऱ्यांचा ढीग लावतात आणि लोक स्वच्छ हवेसाठी डोंगरावर जाऊन, शेकोटीशी पाय पसरून, प्रेतं मोजत बसतात.