गोणपाटाआडची चाळण

ही गोष्ट दोंडाईच्याच्या बाजारातली. बाजार समिती, लिलाव, वजनकाटे यांच्या कितीतरी आधीची. गोष्टीतला अंमलदार मात्र कुठल्याच गावचा नाही. त्यात कुणी ओळखीचा चेहरा शोधू नये.

एका बाजाराच्या दिवशी कुणा बदमाशाने शेंगदाण्यात एरंडीचं बी मिसळून विकलं. एका पोराने घरी त्यातले मूठभर खाल्ले, रात्रभर ओकलं, मरता मरता वाचलं. बाजार खवळला. लोकांनीच अंमलदाराला गाठलं, काहीतरी करा म्हणाले. हे आधीच सांगितलेलं बरं. चाळण अंमलदाराने लादली खरी, पण मागणी लोकांची होती.

पुढच्या बाजाराला वेशीत भली मोठी चाळण टांगलेली. येणारा सगळा माल तिच्यातून गळून आत जाणार. आणि चाळणीभोवती चारी बाजूंनी गोणपाट. "भोकं केवढी आहेत ते कळलं, तर बदमाश त्या मापाचं विष आणतील," अंमलदार म्हणाला. पटण्यासारखं होतं, लोकांनी माना डोलावल्या. चाळणीवर काय राहिलं ते कुणी विचारायचं नाही, असाही हुकूम होता. तो दवंडीच्या शेवटी होता, आणि दवंडीचा शेवट कोण ऐकतो?

एरंडी अडकली. शेंगदाणे जवळपास एरंडीएवढेच, तेही अडकले. उगाच धोका नको म्हणून भोकं आणखी बारीक केली, तेव्हा हरभरा अडकला. मिरची तर पहिल्याच दिवशी अडकली होती. दोंडाईच्याच्या बाजारात मिरची नाही म्हणजे उरलं काय? ओळखीपाळखीच्या दोघाचौघांना चिठ्ठी मिळाली, त्यांची पोती बाजूने आत गेली. बाकीच्यांना एकच उत्तर: "पलीकडे पडलं ते तुझं."

आतल्या गिऱ्हाइकांना यातलं काहीच दिसत नव्हतं. मिरचीची जागा रिकामी पाहून ती एकमेकांना सांगत, यंदा पीक बुडालं वाटतं. वेशीबाहेर गाड्यांवर पोती रचलेली आणि आत पीक बुडाल्याची हळहळ! मला या गोष्टीत सगळ्यात जास्त लागतं ते हेच. ज्याचा माल अडला त्याला निदान शिव्या तरी घालता येतात. ज्याच्यापर्यंत तो पोचलाच नाही, त्याला आपलं काय गेलं हेही कळत नाही.

आणि बदमाश? त्याने एरंडी बारीक कुटली, पिठात मिसळली. पीठ चाळणीतून सरळ आत गेलं.

असं गोष्टीतच घडतं असं नाही. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांमध्ये बॉम्बस्फोट झाले. त्याच आठवड्यात दूरसंचार खात्याच्या हुकमावरून मोजकी संकेतस्थळं आणि ब्लॉग बंद करायचे होते. नेमकं तेवढंच वेगळं काढण्याऐवजी अनेक इंटरनेट कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. स्फोटानंतर एकमेकांची विचारपूस करायला मुंबईकर वापरत होते तो 'मुंबई हेल्प' ब्लॉगही तिथलाच. एरंडीबरोबर शेंगदाणे गेले ते असे. गोणपाटही आपल्याकडे आहेच. संकेतस्थळं बंद करण्यासाठी २००९ साली नियम झाले. त्यातला सोळावा नियम सांगतो की तक्रार आणि तिच्यावरची कारवाई गुप्त ठेवायची. पालघरच्या दोन मुलींवर २०१२ साली फेसबुकवरच्या मजकुरापायी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं जे ६६अ कलम लावलं, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केलं. संकेतस्थळं बंद करण्याचं ६९अ कलम आणि त्याचे नियम त्याच निकालात शाबूत राहिले.

तर बाजारात पुढे असं झालं. एका शेतकऱ्याला संशय होता की अंमलदार शेतसाऱ्याची ज्वारी ज्या मापाने मोजून घेतो, ते माप मोठं आहे. चार माणसांसमोर ताडून बघावं म्हणून तो घरची पायली घेऊन आला. वेशीत शिपायाने अडवलं.

"ही भोकातून जात नाही."

"अरे, पायली भोकातून जाईल कशी?"

"मग ती मालात धरायची की विषात, ते साहेब ठरवतील."

साहेबांनी काय ठरवलं ते सांगायला नको. ज्याचं माप तपासायचं, त्याच्याच हाती पायली गेली. केंद्र सरकारने २०२३ साली नेमका हाच घाट घातला होता: आपल्या कारभाराविषयीची कुठली माहिती खोटी, हे आपणच नेमलेल्या तथ्य-तपासणी कक्षाने ठरवायचं. विनोदवीर कुणाल कामरा आणि इतर काही जण मुंबई उच्च न्यायालयात गेले. जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी तो नियम घटनाबाह्य ठरवला.

गोष्टीत न्यायालय नव्हतं. पथारीवर बसून मिरचीचे देठ खुडणारी एक आजी होती. मिरची आत जाईना म्हणून तिचं काम बंद, दिवसाची मजुरी बंद. ती घरची चाळणी घेऊन वेशीत येऊन बसली. अंमलदाराने दरडावलं, "आजी, पोरांनी विष खावं असं वाटतं का तुम्हाला?"

आजी म्हणाली, "मन्हा घरमाबी चाळनी शे, भाऊ. मी रोज चाळस. पन चाळनीवर काय ऱ्हायनं ते मी पहिले देखस, मंग फेकस. तुम्हनी चाळनीवर काय ऱ्हायनं, ते आम्हले दखाडा."

तिने चाळण काढा म्हटलंच नाही, हे लक्षात घ्यावं. अशा वेळी विरोध करणाऱ्यांच्या तोंडी 'विष येऊ द्या' एवढं एकच वाक्य घालायची अंमलदारांना फार जुनी सवय असते.

तिच्या शेजारी शेतकरी बसला, मग हमाल, मग ज्याचं पोर मरता मरता वाचलं होतं तो बापही. तो येऊन बसल्यावर अंमलदाराकडे बोलण्यासारखं फारसं उरलं नाही. लोकांनी वेशीबाहेरच मिरची पसरली. गिऱ्हाइकं बाहेर येऊन बघतात तर ढीगच्या ढीग. तिसऱ्या बाजाराला गोणपाट उतरलं.

आत एरंडीचं बी ओंजळभरही नव्हतं. शेंगदाणे होते, हरभरा होता, बुरशी धरलेली मिरची होती, आणि या सगळ्याखाली पायली.

चाळण राहिली. फक्त तिची भोकं आता पंचांनी सगळ्यांसमोर मोजली. ज्याचा माल अडेल त्याला तिथल्या तिथे कारण सांगायचं, आणि त्याला ते मान्य नसेल तर पंचांपुढे भांडू द्यायचं, असं ठरलं. पिठात एरंडी मिसळणाराही सापडला. चाळणीमुळे नव्हे, कुठल्या गाड्यावरच्या पिठाला कसला वास येतो ते देठ खुडणाऱ्या बायांना आधीपासून ठाऊक होतं, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

मग शेतकऱ्याने पायली उचलून झटकली आणि अंमलदाराचं माप मागितलं. दोन्ही शेजारी ठेवून ज्वारी ओतली. अंमलदाराचं माप दोन मुठी मोठं निघालं. किती वर्षांची ज्वारी परत मागायची, यावर बाजार दिवेलागणीनंतरही वाद घालत बसला होता.