बोर्डिंगची खाट कुणाची?



मे महिना उजाडला की मिशनच्या बोर्डिंगमध्ये प्रवेशाचे अर्ज येऊ लागतात. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्डाची प्रत आणि बऱ्याचदा सोबत कुणाची तरी चिठ्ठी: 'फादर, मुलगा आपलाच आहे, तेवढं बघा.' खाटा मात्र होत्या तेवढ्याच असतात. समजा, खाटा ४० आहेत आणि अर्ज ९० आले. मग ५० घरांना 'नाही' म्हणावेच लागणार. वरवर पाहता हा कारभाराचा प्रश्न आहे. खोलात गेले तर तो न्यायाचा आहे. आज आपण त्याचाच विचार करू या.

सर्वांत सोपी कसोटी म्हणजे जो आधी आला त्याला आधी. तिच्यात पक्षपात दिसत नाही. पण आधी कोण येतो? ज्याला तारीख ठाऊक असते, ज्याच्याकडे कागद तयार असतात आणि ज्याला एक दिवसाची मजुरी बुडाली तरी चालते, तो. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत फड सोडता येत नाही. गाळप लांबले तर ही माणसे उन्हाळ्याच्या तोंडावर गावी परततात. त्यांना अर्जाची तारीख कोण सांगणार? रांग सरळ असली म्हणजे ती न्यायाची असतेच असे नाही. काहींना रांगेपर्यंत पोहोचताच येत नाही.

दुसरी कसोटी आपलेपणाची. आपल्या धर्मग्रामातला, आपल्या ओळखीचा, आपल्या कमिटीतल्या सभासदाचा मुलगा. या कसोटीत थोडे सत्य आहे. जे बोर्डिंग खेड्यातल्या गरीब ख्रिस्ती मुलांसाठी उभे राहिले, त्याने त्यांना विसरू नये. तो त्या घराचा शब्द आहे. पण त्या शब्दात 'गरीब' आहे, 'ओळखीचा' नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी तोंड पाहून केलेल्या वाटणीला न्यायाविरुद्धचे पाप म्हटले आहे. ज्या कारणासाठी एखादी गोष्ट द्यायची, ते कारण सोडून माणूस कोण आहे हे पाहून ती देणे, म्हणजे तोंड पाहून वाटणे. याकोबाच्या पत्रात सभेत आलेल्या दोघांचे उदाहरण आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा मिळते आणि मळक्या कपड्यांतल्याला उभे ठेवले जाते. चिठ्ठी हीसुद्धा एक अंगठीच आहे. ती देणाऱ्याचे वजन सांगते, मुलाची गरज सांगत नाही.

तिसरी कसोटी गुणांची. ही आपल्याला सर्वांत पटते. आम्ही सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना ॲरिस्टॉटलचे एक उदाहरण हमखास पुढे यायचे. चांगल्या बासऱ्या कुणाला द्याव्यात? श्रीमंताला नाही, उच्च कुळातल्याला नाही, देखण्याला नाही. जो उत्तम वाजवतो त्याला. कारण बासरी वाजवण्यासाठीच असते. यावरून कुणी म्हणेल, तसेच खाट हुशार मुलाला द्यावी. पण ॲरिस्टॉटलचा मुद्दा आधी वस्तूचा हेतू विचारण्याचा आहे. बासरी कशासाठी, हे ठरले की ती कुणाची, हे ठरते. मग आपण विचारायला हवे, बोर्डिंगची खाट कशासाठी असते?

काही संस्थांचा हेतू ग्रामीण भागातील गुणी मुलांना घडवण्याचाच असतो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर देशभर पसरलेली नवोदय विद्यालये सहावीसाठी परीक्षा घेतात आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना देतात. तिथे गुणांची कसोटी योग्यच आहे. मिशनच्या बोर्डिंगचा हेतू वेगळा आहे. ज्या मुलाला घरी राहून शिकणे शक्य नाही, त्याला शिकता यावे म्हणून ती खाट आहे. म्हणूनच अर्ज हातात घेतल्यावर विचारायचा खरा प्रश्न एकच: आपण 'नाही' म्हटले, तर या मुलाचे काय होईल?

हा प्रश्न विचारला की चित्र बदलते. एका मुलाला ८५ टक्के गुण आहेत. शाळा घरापासून तीन किलोमीटरवर आहे, वडिलांकडे मोटारसायकल आहे, संध्याकाळी शिकवणी आहे. त्याला नकार दिला तर घरचे नाराज होतील, पण तो शिकेल. दुसऱ्या मुलीला ५२ टक्के आहेत. वर्षातले पाच महिने ती फडावरच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळते आणि पहाटे आईबरोबर उठते. तिला नकार दिला तर शाळा संपली. पुढे कोयता आणि लवकरच लग्न. दोघांनाही उत्तर 'नाही' असेच मिळते, पण त्याची किंमत सारखी नाही. शिवाय त्या ५२ टक्क्यांत किती कष्ट आहेत, ते गुणपत्रिकेवर लिहिलेले नसते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. गरज हीच कसोटी धरली, तर बोर्डिंगचा निकाल घसरेल, शाळा तक्रार करील, मदत करणारे हात आखडता घेतील. निकालाची काळजी आम्हालाही असते. पण शाळेत जाऊच न शकणारी मुलगी दहावीपर्यंत पोहोचली, तर तो निकाल कोणत्या तक्त्यात मांडायचा? दुसराही आक्षेप आहे आणि तो अधिक गंभीर आहे: गरज आहे म्हणून प्रत्येकाला घेता येईल का? नाही. चाळिसांच्या जागेत साठ मुले झोपवणे ही दया नव्हे. फार लहान किंवा सतत औषधोपचार लागणाऱ्या मुलाची देखभाल आपल्याला जमणार नसेल, तर त्याला घेणे त्याच्याच जिवावर बेतू शकते. गरज दार ठोठावते. पण आत घेतल्यावर सांभाळण्याची ताकद आपल्यात आहे का, हेही पाहावेच लागते.

महाराष्ट्राला ही कसोटी नवी नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. शेवटी मंगळसूत्रही राहिले नाही. संत जॉन बॉस्को यांच्या तुरिनमधल्या घराची सुरुवातही अशीच झाली. १८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दारात आला. त्याआधी आसरा दिलेली काही मुले पांघरुणे घेऊन पळाली होती. तरीही त्यांच्या आईने, मार्गारिता यांनी, स्वयंपाकघरात विटांवर फळ्या टाकून त्या मुलासाठी बिछाना केला. त्याला गुण विचारले नाहीत. त्या रात्री तो कुठे जाईल, एवढाच प्रश्न होता.

आणखी एक गोष्ट. आपले प्रवेश जूनमध्ये संपतात. ऊसतोड कुटुंबाला खाटेची गरज दिवाळीत पडते, आणि तोवर बोर्डिंग भरलेले असते. म्हणजे आपण नकार देण्याआधीच कॅलेंडर नकार देऊन मोकळे होते. शासनानेही ही अडचण ओळखली आहे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना मंजूर झाली. पण शासन करील म्हणून आपण हात बांधून बसायचे का? प्रत्येक बोर्डिंगने चार-पाच खाटा दिवाळीपर्यंत रिकाम्या ठेवल्या, आणि फडाकडे ट्रॅक्टर निघण्याआधी वस्तीवर जाऊन विचारले, तर? रिकामी खाट दिसायला तोट्याची वाटते. पण ती रिकामी नसते. ज्याचे नाव अजून आपल्याला ठाऊक नाही, त्याच्यासाठी ती राखलेली असते.

ज्यांना नकार द्यावा लागतो, त्यांचेही आपल्यावर ऋण राहते. निदान कारण सांगणे, जवळची दुसरी शाळा दाखवणे, मुलगी असेल तर एसटीचा मोफत पास काढून देणे, एवढे आपल्या हातात आहे. घरी राहून शिकता येत असेल, तर घरच बरे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली शिक्षणाविषयीच्या जाहीरनाम्यात आईवडिलांनाच मुलांचे पहिले शिक्षक म्हटले आहे. बोर्डिंगमध्ये वेळेवर घंटा होते, जेवण मिळते, अभ्यास होतो. पण आजारी पडलेल्या मुलाच्या कपाळावरचा आईचा हात तिथे नसतो. ज्याला तो हात सोडून यावेच लागते, त्याच्यासाठी बोर्डिंग आहे.

म्हणून पालकांना एक विनंती. अर्ज भरण्यापूर्वी घरात बसून विचार करा: आपल्या मुलाला ही खाट हवी आहे, की ती मिळाली तर बरे म्हणून आपण मागतो आहोत? दुसरे उत्तर आले, तर अर्ज मागे घेणे हेही एक दान आहे. आणि तुमच्या वस्तीतले एखादे मूल दिवाळीनंतर शाळेतून नाहीसे होत असेल, तर चिठ्ठी त्याच्यासाठी लिहा. तिच्यावर तुमच्या नावाऐवजी त्या मुलाची हकिकत असू द्या. ती आम्ही आधी वाचू.